शंभर वॉटच्या पॅनेलला कंट्रोलर कुठला? निळी डबी, व्हिक्ट्रॉन ७५/१५ आणि थोडं इकडचं तिकडचं

कंट्रोलर म्हणजे सोलर पॅनेल आणि बॅटरीच्या मधे बसून चार्जिंग सांभाळणारा डबा. निकाल आधीच सांगून टाकतो. लिथियम बॅटरी असेल तर ती चारपाचशेची निळी डबी, म्हणजे साधा पीडब्ल्यूएम कंट्रोलर, घेऊ नका, आणि घरातली जुनी लेड ॲसिड बॅटरी घेऊन वर्षातून एकदोनदा तंबू ठोकणार असाल तर दहा हजारांचा कंट्रोलर घेऊन पैसे घालवू नका. ज्यांना एवढंच हवं होतं त्यांचं काम झालं. बाकीच्यांसाठी सविस्तर लिहितोय, कारण ‘एमपीपीटी (म्हणजे महागातला कंट्रोलर) घ्या, पीडब्ल्यूएमपेक्षा तीस टक्के जास्त मिळतं’ हे जे ज्याच्या त्याच्या तोंडी आहे ते आपल्या उन्हात तसं होत नाही, आणि तरी मी एमपीपीटीच वापरतोय.

माझा वापर काय ते आधी सांगतो, नाहीतर आकडे कळणार नाहीत. आकाशदर्शनाला जातो, वांगणी, भोरच्या पुढं, वेल्ह्याकडं, जिथं शहराचा उजेड कमी तिथं. बरोबर टेलिस्कोपचा मोटरवाला माउंट (स्टँड), भिंगावर दव बसू नये म्हणून गुंडाळायची हीटर पट्टी, कॅमेरा, लाल एलईडी, आणि बरोबरच्या मंडळींचे मोबाईल, जे हिशोबात कोणीच धरत नाही पण सकाळपर्यंत सगळ्यांचे शंभर टक्के झालेले असतात. माउंट सरासरी दीड ॲम्प, पट्टी एक ॲम्प, म्हणजे हिवाळ्यातल्या दहा तासांच्या रात्रीला या दोघांचेच २५ एएच (ॲम्प-अवर) गेले, कॅमेरा आणि मोबाईल धरून ३५ ते ४० वर जातं. बॅटरी १२.८ व्होल्ट ५० एएच, लिथियम आयर्न फॉस्फेट, म्हणजे ६४० वॉट-अवर. एक रात्र सहज निघते. दुसऱ्या रात्रीसाठी दिवसभरात ती परत भरायची, त्यासाठी १०० वॉटचं फोल्डिंग पॅनेल, आणि या दोघांच्या मधे हा कंट्रोलर.

आता तीस टक्क्यांचं गणित. १०० वॉटच्या साध्या ‘१२ व्होल्ट’ पॅनेलवर मागे स्टिकर बघा, साधारण १८ व्होल्ट आणि साडेपाच ॲम्प लिहिलेलं असतं. पीडब्ल्यूएम कंट्रोलर म्हणजे फक्त भराभर चालू-बंद होणारा स्विच, तो पॅनेल सरळ बॅटरीला जोडतो, त्यामुळे पॅनेलला बॅटरीच्या व्होल्टेजवर खाली यावं लागतं. १३.३ गुणिले ५.५, झाले ७३ वॉट, बाकीचे मिळालेच नाहीत. एमपीपीटी पॅनेलला त्याच्या १८ वरच ठेवतो आणि आतल्या आत व्होल्टेज उतरवून त्याचा करंट वाढवून देतो, म्हणून बॅटरीत सातच्या वर ॲम्प जातात. कागदावर बरोबर आहे. पण स्टिकरवरचे आकडे सेलचं तापमान २५ डिग्री धरून असतात, आणि आपल्याकडं फेब्रुवारीतसुद्धा दुपारी पॅनेलला हात लावून बघा, चटका बसतो. सेल ६० डिग्रीला गेला की पॅनेलची ताकद १४ टक्क्यांच्या आसपास उतरते आणि ही उतरंड जवळजवळ सगळी व्होल्टेजमधे असते, करंट तसाच राहतो. म्हणजे १८ चे १५-साडेपंधरा झाले, एमपीपीटीला खेळायला जागाच कमी उरली. हिशोब केला तर एमपीपीटी ६.२ ॲम्पच्या आसपास आणि पीडब्ल्यूएम तेच साडेपाच. बारा-तेरा टक्के. पाच तास चांगलं ऊन धरलं तर ३१ एएच विरुद्ध २७. चार एएचसाठी कोणी दहा हजार देईल का, मी तरी देणार नाही. आणि पॅनेल दिवसातून तीनचार वेळा सूर्याकडं वळवलं तर याच्यापेक्षा जास्त फुकटात मिळतं, फक्त दुपारची झोप मोडते.

मग पीडब्ल्यूएम का नको? आता त्या निळ्या डबीकडं येऊ. पुण्यात तपकीर गल्ली, मुंबईत लॅमिंग्टन रोड, किंवा ऑनलाईन कुठंही, दहा-वीस वेगवेगळ्या नावांनी तीच डबी मिळते. खाली सहा स्क्रू, पॅनेलचे दोन, बॅटरीचे दोन, लोडचे म्हणजे वापरायच्या सामानाचे दोन, वर चित्रं काढलेली, मधे एलसीडी, तीन बटणं, दोन यूएसबी. मेन्यूचं बटण दाबत गेलं की १३.७, १२.६, १०.७ असे आकडे येतात आणि मग बी१, बी२, बी३. पहिला आकडा बॅटरी भरल्यावर किती व्होल्टवर धरून ठेवायची, तिसरा म्हणजे लोड कितीला तोडायचा, आणि मधला परत कितीला जोडायचा. बी१, बी२, बी३ म्हणजे सीलबंद, जेल आणि पाणी घालायची बॅटरी. तिन्ही लेड ॲसिड! नव्या काही डब्यांवर लिथियमचाही पर्याय आलाय, पण आत त्याने नक्की काय बदलतं हे कागदावर कुठंच लिहिलेलं नसतं.

आता १०.७ बघा. लेड ॲसिडला ठीक आहे, लिथियम आयर्न फॉस्फेटचं व्होल्टेज जवळपास शेवटपर्यंत १३ च्या आसपास सपाट असतं आणि १२ च्या खाली आलं की बॅटरी संपत आलेलीच असते, तिथून १०.७ ला यायला वेळ लागत नाही. म्हणजे ही डबी लोड तोडेपर्यंत बॅटरीतलं बीएमएस (सेल सांभाळणारं आतलं सर्किट) स्वतःच तोडायच्या बेतात आलेलं असतं. मला हा आकडा १२ वर हवा होता, माझ्याकडच्या डबीत तो ११ च्या पुढं जातच नाही. त्यात भर म्हणजे डबीचं मोजमापच चुकीचं, मल्टिमीटरवर १३.४ असताना हिच्यावर १३.१. लेड ॲसिडला एवढ्याने फार बिघडत नाही. लिथियमला ०.३ व्होल्ट म्हणजे अर्धी भरलीये की पूर्ण भरलीये एवढा फरक पडतो.

दुसरी एक गोष्ट, ही टेलिस्कोपवाल्यांनी आणि ज्यांचं सामान एकमेकांना यूएसबीने जोडलेलं असतं त्यांनी नीट वाचा. या स्वस्त डब्यांमधे बहुतेक वेळा प्लसच्या तारा आतून एकत्र असतात आणि स्विच मायनसवर असतो. तुम्ही माउंट डबीच्या लोड टर्मिनलवर लावला, लॅपटॉपचा चार्जर सरळ बॅटरीवर, आणि माउंट-लॅपटॉप यूएसबी केबलने जोडले, की मायनस त्या केबलमधून फिरून बॅटरीला जातो आणि लोड तोडायचा स्विच नुसता नावाला राहतो. करंट कुठून जातोय, तर त्या बारीक यूएसबी केबलमधून. आणि याहून वाईट म्हणजे भर उन्हात बीएमएसने बॅटरी तोडली तर काही डब्यांमधे पॅनेलचे २० व्होल्ट सरळ लोड टर्मिनलवर येऊ शकतात. चाळीस हजाराचा माउंट चारशेच्या डबीच्या भरवशावर ठेवायचा का हे ज्याचं त्याने ठरवावं. मी लोड टर्मिनल वापरतच नाही, बॅटरीवरून फ्यूज टाकून वेगळी लाईन घेतो.

हीच डबी ‘एमपीपीटी’ छापूनही विकतात हा वेगळा वैताग. माझ्याकडं अशी एक आली होती, वर मोठ्या अक्षरात एमपीपीटी ३० ए, हातात घेतली तर रिकाम्या काडेपेटीसारखी. खऱ्या एमपीपीटीत तांब्याची कॉइल लागते, तिचं वजन लपत नाही, १५ ॲम्पचा चांगला कंट्रोलर अर्ध्या किलोच्या आसपास असतो. पण वजनावरून भांडता येत नाही, म्हणून मल्टिमीटरने बघायचं. बॅटरी थोडी रिकामी करा, उन्हात पॅनेल लावा, चार्जिंग चालू असताना पॅनेलच्या दोन स्क्रूवर व्होल्टेज मोजा, मग बॅटरीच्या दोन स्क्रूवर. पॅनेलवर १७ आणि बॅटरीवर १३.३ आलं तर एमपीपीटी. पॅनेलवर १३.६ आणि बॅटरीवर १३.३ आलं तर छपाईचा खर्च तुमच्याकडून घेतलाय. विकणाऱ्याला हेच फोटो पाठवले, त्याचं उत्तर आलं ‘सर ऊन कम होगा’. पैसे शेवटी परत आले, पण डबी न्यायला कोणी आलं नाही, अजून कपाटात आहे, फोनसाठी यूएसबी म्हणून चालते.

आता व्हिक्ट्रॉन स्मार्टसोलर ७५/१५. नेदरलँड्सची कंपनी, बोटी आणि कॅम्पर व्हॅनवाल्यांमधे चालणारा माल. नावातले ७५ म्हणजे पॅनेलकडून जास्तीत जास्त ७५ व्होल्ट, १५ म्हणजे बॅटरीकडं जास्तीत जास्त १५ ॲम्प. १२ व्होल्टच्या बॅटरीवर २२० वॉटपर्यंतचं पॅनेल पुरं वापरतो. निळाच रंग, पण हातात घेतल्यावर जड. एलसीडी नाही, बटण नाही, यूएसबी नाही, फक्त तीन एलईडी आणि सगळा कारभार मोबाईलवर ब्लूटूथने. पहिल्यांदा मला हे आवडलं नव्हतं. रानात मोबाईल बंद पडला तर काय बघायचं? पण आता तंबूत पडल्या पडल्या बघता येतं पॅनेलवर किती वॉट येतायत, आणि ३० दिवसांचा इतिहास ॲपमधे राहतो, कुठल्या दिवशी किती वॉट-अवर आले, पॅनेलचं व्होल्टेज कुठपर्यंत गेलं, बॅटरी कमीत कमी कितीवर आली. ‘काल ढग होते म्हणून कमी आलं’ की ‘काल कोणीतरी पॅनेलवर टॉवेल वाळत घातला होता म्हणून कमी आलं’ हे आलेखावरून कळतं, आमच्याकडं दुसरं निघालं.

पण पैसे मी दिलेत ते सेटिंगसाठी. बॉक्समधून काढल्यावर तो भरताना १४.४ आणि भरल्यावर धरून ठेवायला १३.८ व्होल्टवर असतो, जे जेल बॅटरीसाठी आहे. ॲपमधे जाऊन लिथियम आयर्न फॉस्फेट निवडलं की १४.२ आणि १३.५ होतं, आणि तापमानानुसार व्होल्टेज बदलायचं जे लेड ॲसिडचं गणित असतं ते शून्य होतं. हे शेवटचं लोक बघत नाहीत. लेड ॲसिडला थंडीत जास्त व्होल्टेज लागतं, उन्हाळ्यात कमी, दर डिग्रीला २०-२५ मिलिव्होल्टच्या आसपास, म्हणून कंट्रोलर आपोआप वर-खाली करतो. तेच लिथियमला लावलं तर एप्रिलमधे बॅटरी पूर्ण भरत नाही, आतले सेल एकमेकांशी बरोबर होत नाहीत, आणि कडाक्याच्या थंडीत व्होल्टेज १५ च्या आसपास जाऊन बीएमएस तोडून टाकतं. लोक मग बॅटरीवाल्याला शिव्या देतात. लोड तोडायचा आकडाही हवा तो टाकता येतो, मी १२ ठेवलाय. लोड टर्मिनल मी वापरत नसलो तरी लाल एलईडीची माळ तेवढी त्याच्यावर आहे, ती विझली की समजायचं आता कॅमेरा आवरा.

त्यात खोटही आहे. एक म्हणजे तो चालू व्हायला पॅनेलचं व्होल्टेज बॅटरीपेक्षा ५ व्होल्ट वर लागतं, नंतर १ व्होल्ट वर असलं तरी चालतं. बॅटरी १३.३ असेल तर १८.३ पाहिजे. पॅनेलचं उघडं (काही न जोडता मोजलेलं) व्होल्टेज स्टिकरवर २२ असलं तरी तापल्यावर ते १९-साडेएकोणीसला येतं, म्हणजे जेमतेम. काही फोल्डिंग पॅनेलचं उघडं व्होल्टेज मुळातच २० च्या आसपास असतं, ती भर दुपारी जोडली तर कंट्रोलर ढिम्म बसून राहतो आणि माणूस वायर हलवत बसतो. उपाय सोपा, सकाळी गार असताना जोडा, किंवा पन्नास-पन्नास वॉटची दोन पॅनेल सिरीजमधे लावा, ४४ व्होल्ट येतात, ७५ च्या बरंच आत, आणि वायरमधला करंटही अर्धा होतो, म्हणजे पॅनेल लांब उन्हात आणि बॅटरी झाडाखाली ठेवता येते. मला तर एमपीपीटीचा खरा फायदा हाच वाटतो, कुठलंही पॅनेल चालतं. घराच्या छपरावरून उतरवलेलं ७२ सेलचं मोठं पॅनेल असलं तरी चालेल, पीडब्ल्यूएमवर त्याचं अर्ध्याहून जास्त वाया जातं.

दुसरी खोट, दव आणि धूळ. धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा जो आयपी आकडा असतो तो बघितला तर इलेक्ट्रॉनिक्सचा भाग आयपी ४३ आणि वायरी जोडायचा भाग आयपी २२, म्हणजे तिथं पाण्यापासून संरक्षण जवळजवळ नाहीच. डिसेंबरात पहाटे भोरकडं सगळं सामान कसं ओलं होतं ते जाऊन आलेल्यांना सांगायला नको. म्हणून डब्यात ठेवावा लागतो, आणि डब्यात ठेवला की दुपारी तापतो, कारण ४० डिग्रीच्या वर तो पूर्ण ताकद देत नाही. मी प्लास्टिकच्या टूलबॉक्सला दोन बाजूंना खालच्या अंगाला भोकं पाडलीत आणि कंट्रोलर वायरी खाली येतील असा उभा बसवलाय, दिवसा झाकण किलकिलं ठेवतो, रात्री बंद. काळा डबा मात्र घेऊ नका.

मधला पर्याय म्हणून ईपीएव्हर कंपनीचा ट्रेसर कंट्रोलर बघायला हरकत नाही. १० आणि २० ॲम्पमधे येतो, पॅनेलकडून १०० व्होल्टपर्यंत घेतो, डब्यावरच स्क्रीन आहे, मायनस कॉमन आहे, आणि खरा एमपीपीटी आहे. व्हिक्ट्रॉनपेक्षा बराच स्वस्त पडतो. पण आकाराने दांडगा, ब्लूटूथ आत नाही, मनासारखे आकडे टाकायला रिमोट मीटर किंवा केबल घ्यावी लागते, म्हणजे घरी एकदा बसवून सोडायचा असेल तर उत्तम, पाठीवरच्या सॅकमधे न्यायला मला नको वाटतो.

लडाखमधल्या हानलेला जायचं ज्यांच्या डोक्यात आहे त्यांच्यासाठी थोडं वेगळं. तिथं वेधशाळा साडेचार हजार मीटरवर आहे, ऊन कडक आणि हवा गार, पॅनेल तापत नाही, म्हणजे एमपीपीटीचे ते तीस टक्के तिथं खरंच मिळतात. पण गार पॅनेलचं व्होल्टेज वाढतं. दोन पॅनेल सिरीजमधे ४४ व्होल्टची असतील तर उणे १५ ला सकाळचं पहिलं ऊन पडल्यावर ती ४९ च्या पुढं जातात, निळ्या डबीवर ५० लिहिलेलं असतं, आणि तिच्या लिहिण्यावर किती विश्वास ठेवायचा ते वर आलंच आहे. ७५ ला काही धोका नाही. खरी भीती बॅटरीची असते. लिथियम आयर्न फॉस्फेट शून्याच्या खाली वापरता येते, चार्ज करता येत नाही, केलं तर आत लिथियमचा थर बसतो आणि बॅटरीची क्षमता कायमची जाते. चांगल्या बीएमएसमधे थंडीत चार्जिंग तोडायची सोय असते, स्वस्तात नसते, विकत घेताना हा एकच प्रश्न विचारा. स्मार्टसोलरच्या ॲपमधे कमी तापमानाला चार्जिंग बंद करायचं सेटिंग आहे, पण ते नुसतं चालू करून उपयोग नाही, बॅटरीचं तापमान कळायला त्यांचाच स्मार्ट बॅटरी सेन्स नावाचा छोटा सेन्सर वेगळा घ्यावा लागतो. एवढ्या किमतीत तो बरोबर द्यायला काय हरकत होती! नाहीतर बॅटरी रात्री स्लीपिंग बॅगमधे घेऊन झोपा, तसं करणारे आहेत.

जोडणीबद्दल दोनच गोष्टी. आधी बॅटरी, मग पॅनेल, काढताना उलट. बॅटरी बघूनच कंट्रोलर १२ की २४ ते ठरवतो. आणि बॅटरीच्या प्लसला अगदी जवळ २० ॲम्पचा गाडीतला ब्लेड फ्यूज, ४ स्क्वेअर एमएमची वायर. व्हिक्ट्रॉनच्या स्वतःच्या अंगात २० चा फ्यूज आहे, तो कंट्रोलरसाठी. बॅटरीपासून तिथपर्यंतची वायर सोलली गेली तर तो काही करू शकत नाही.

आणि ज्यांच्याकडं तयार पॉवर स्टेशन आहे, इकोफ्लो, ब्लूएटी, जॅकरी वगैरे, त्यांना यातलं काहीच लागत नाही. एमपीपीटी आतच असतो, फक्त पॅनेलचं उघडं व्होल्टेज त्याच्या इनपुटवर लिहिलेल्या मर्यादेत आहे ना तेवढं बघा. मधे कंट्रोलर लावू नका. बऱ्याच फोल्डिंग पॅनेलच्या मागच्या खिशात एक छोटा पीडब्ल्यूएम आधीच शिवलेला असतो, यूएसबीची भोकं असलेला, त्याच्या पुढून वायर घेतली तर पॉवर स्टेशनचा असो की वेगळा घेतलेला, कुठलाच एमपीपीटी नीट चालत नाही. पॅनेलची मूळ वायर शोधून तिथून घ्यायची.

घेताना नाव नीट वाचा. ७५/१० सुद्धा मिळतो, १२ व्होल्टवर १४५ वॉटपर्यंत, एकच १०० वॉटचं पॅनेल असेल आणि पुढं वाढवायचा विचार नसेल तर तोच घ्या, मी दुसरं पॅनेल घेणार होतो म्हणून १५ घेतला. आणि ‘स्मार्टसोलर’ हवा, ‘ब्लूसोलर’ नको. दिसायला सारखेच, आकडेही तेच ७५/१५, थोडा स्वस्त दिसतो म्हणून हात तिकडं जातो, पण ब्लूसोलरमधे ब्लूटूथ नाही. त्याला वेगळा डोंगल घ्यावा लागतो आणि दोन्ही मिळून किंमत तिथंच येऊन पोचते, शिवाय डोंगल लटकत राहतो तो वेगळाच. वॉरंटी पाच वर्षं आहे, त्यामुळे बिल जपून ठेवा, शक्यतो भारतातल्या अधिकृत डीलरचं.